रिपोर्ट स्वच्छ आहेत, मग आई पूर्वीसारखी का नाही?

प्रश्न: आईला (वय ५६) स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, मग केमोच्या आठ सायकल आणि शेवटी रेडिएशन. सगळं संपून दहा महिने झाले. आता रोज लेट्रोझोल ही हार्मोन कमी करणारी एक गोळी चालू आहे. तपासण्या चांगल्या आल्या आहेत आणि डॉक्टर म्हणतात, "उत्तम रिझल्ट आहे." पण ती लवकर थकते, नावं विसरते, पायांना मुंग्या येतात, सकाळी बोटं आखडलेली असतात. विचारलं की "मी बरी आहे" एवढंच म्हणते. उपचार यशस्वी झाले असं धरायचं का? आणि हे असंच राहणार का?

उत्तर: तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत. पहिल्याचं उत्तर सरळ आहे. हो, यशस्वी झाले. ठरलेले उपचार पूर्ण झाले आणि आजाराचा मागमूस नाही, याहून चांगली बातमी या टप्प्यावर मिळत नाही. दुसऱ्याचं उत्तर लांब आहे. तुम्ही सांगितलेल्या त्रासांपैकी बरंचसं हळूहळू सुधारतं, काही गोष्टी उपायांनी कमी होतात, थोडं मागे उरतं. कोणता त्रास कुठल्या गटातला हे बऱ्यापैकी ओळखता येतं, पण त्यासाठी तो आधी डॉक्टरांच्या कानावर जावा लागतो. "मी बरी आहे" हे वाक्य नेमकं तिथेच आडवं येतं.

'उत्तम रिझल्ट' म्हणताना आम्ही डॉक्टर काय मोजतो ते आधी सांगतो. सगळ्यांत जास्त वापरला जाणारा आकडा म्हणजे निदानानंतर ५ वर्षांनी शंभरातले किती जण हयात आहेत. आकडा कामाचा आहे, पण फसवाही आहे. समजा दोघांना अगदी सारखाच आजार आहे आणि दोघंही ७०व्या वर्षी जातात. एकाचं निदान त्रास सुरू झाल्यावर ६७व्या वर्षी झालं, दुसऱ्याचं सहज केलेल्या तपासणीत ६४व्या वर्षी. आकडेवारीत दुसरा 'वाचला' आणि पहिला 'गेला', पण दुसऱ्याला आयुष्याचा एक दिवसही जास्त मिळालेला नाही. आजार माहीत असण्याची वर्षं तेवढी वाढली. म्हणून निरनिराळ्या ठिकाणचे पाच वर्षांचे आकडे शेजारी ठेवून "तिकडे उपचार चांगले" असा निष्कर्ष काढायला मी नेहमीच कचरतो.

शिवाय पाच वर्षांचा टप्पा सगळ्या कॅन्सरना सारखा लागू पडत नाही. वृषणाचा कॅन्सर किंवा वेगाने वाढणारे काही लिम्फोमा (लसिकाग्रंथींचे कॅन्सर) परत येणार असतील तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच येतात. तो काळ निभावला की धोका झपाट्याने उतरतो. स्तनाच्या हार्मोनवर पोसणाऱ्या कॅन्सरचं तसं नाही. तो दहा-पंधरा वर्षांनीही डोकं वर काढू शकतो. तुमच्या आईंची गोळी अनेक वर्षं चालते ती याच कारणासाठी. आणि एक दिलासा देणारी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. निदानाच्या दिवशी सांगितलेला आकडा कायम तसाच राहत नाही. आजार परत न येता जितका काळ जातो, तितकी पुढची शक्यता बहुतेक कॅन्सरमध्ये सुधारत जाते. दोन वर्षांपूर्वी ऐकलेली टक्केवारी आईंनी मनात धरून ठेवली असेल, तर ती आता जुनी झाली आहे.

पण या सगळ्या आकड्यांत जगणं कसं आहे याचा उल्लेख नाही. हयात असलेला प्रत्येक माणूस तिथे सारखाच मोजला जातो; जिने चढणारा आणि अंथरुणाला खिळलेला, दोघंही 'एक'. हे आमच्या शास्त्राला फार उशिरा खुपलं. १८९०च्या दशकात हॅल्स्टेड या अमेरिकी सर्जननी रूढ केलेल्या ऑपरेशनमध्ये स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढून टाकत. हात सुजायचा, खांदा धरायचा, छातीच्या फासळ्या दिसायच्या. पाऊणशे वर्षं हेच चाललं, कारण जास्त कापलं की जास्त वाचतात हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. बर्नार्ड फिशर यांनी १९७०च्या दशकात ते चाचणीत उतरवायचं ठरवलं. २० वर्षांचे निकाल २००२ साली आले: फक्त गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रिया सारख्याच जगल्या. म्हणजे इतकी वर्षं एवढ्या बायकांनी जे गमावलं, त्यातलं बरंचसं आयुष्य वाढवण्याच्या कामी आलंच नव्हतं.

आयुष्य सारखंच आणि जगणं मात्र वेगळं, असं आणखी ठिकाणी दिसतं. प्रोस्टेटच्या सुरुवातीच्या कॅन्सरवर ब्रिटनमध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत १६४३ पुरुषांचे तीन गट केले होते: एकाचं ऑपरेशन, एकाला रेडिएशन आणि एकावर नुसती नियमित नजर. २०२३ साली १५ वर्षांचे निकाल आले, तेव्हा त्या कॅन्सरने मरण पावलेले सगळे मिळून ३ टक्क्यांच्या आसपास होते आणि तिन्ही गटांत त्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. मात्र लघवी गळणं आणि लैंगिक अडचणी ऑपरेशनवाल्यांत जास्त होत्या. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ऑक्सॅलिप्लॅटिनची केमो पूर्वी सरसकट सहा महिने देत. २०१८ साली सहा चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष आला आणि कमी धोक्याच्या पेशंटना ठरावीक औषधजोडीचे तीन महिने पुरतात असं दिसलं. हातापायांच्या नसांचा त्रास कितीतरी कमी झाला. हे एवढ्यासाठी सांगतोय की जगण्याची गुणवत्ता ही उपचार संपल्यावर बघायची चैनीची बाब नाही. उपचार निवडण्यातच तिला जागा आहे. आणि उपचार संपल्यावर तिची तक्रार केली म्हणजे कृतघ्नपणा होत नाही. हे वाक्य आईंना जरूर वाचून दाखवा, कारण "जीव वाचला, आता मुंग्यांचं काय रडगाणं गायचं" असं मनाशी म्हणणारे पेशंट मला फार भेटतात.

आता आमच्या बाजूची एक उणीव सांगतो. केमोचे दुष्परिणाम नोंदवायला जगभर एकच पट्टी वापरतात, श्रेणी १ ते ५. पहिली म्हणजे सौम्य, तिसरी म्हणजे गंभीर, पाचवी म्हणजे मृत्यू. एखाद्याच्या पांढऱ्या पेशी आठवडाभर कोसळल्या की ती तिसरी किंवा चौथी श्रेणी. सगळा वॉर्ड धावतो. तुमच्या आईंच्या पायांच्या मुंग्या पहिल्या श्रेणीत, फार तर दुसरीत जातील, आणि त्यासाठी कोणी धावत नाही. पण पांढऱ्या पेशी दहा दिवसांत वर येतात आणि त्या मुंग्या दहा महिने झाले तरी आहेत. ही पट्टी त्रास किती खोल आहे ते मोजते, किती लांबला ते मोजत नाही. 'सौम्य' असा शेरा मारलेला त्रास रोज, चोवीस तास, वर्षभर सोसायचा असेल तर तो सोसणाऱ्यासाठी सौम्य नसतो.

जगण्याचं मोजमाप करायची साधनं नाहीत असंही नाही. युरोपात तयार झालेली ३० प्रश्नांची एक प्रश्नावली १९९३पासून चाचण्यांमध्ये वापरात आहे. प्रश्न अगदी साधे आहेत. लांबवर चालताना त्रास होतो का? दिवसा अंथरुणात किंवा खुर्चीत पडून राहावं लागतं का? वर्तमानपत्र वाचताना लक्ष लागतं का? आजारामुळे पैशांची ओढाताण झाली का? यातला एकही प्रश्न रक्ताच्या रिपोर्टमधून सुटत नाही. न्यूयॉर्कच्या एका केंद्रात ७६६ पेशंटवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. पसरलेल्या कॅन्सरसाठी केमो चालू असलेले हे लोक होते. निम्म्याहून अधिक जणांना त्रास कॉम्प्युटरवर स्वतः नोंदवायला सांगितलं होतं आणि काही बिघडलं की नर्सना लगेच सूचना जायची. बाकीच्यांचं नेहमीसारखं, डॉक्टर विचारतील तेव्हा सांगायचं. नोंदवणाऱ्यांपैकी निम्मे जण ३१.२ महिन्यांहून जास्त जगले, बाकीच्यांत हाच आकडा २६ महिने होता. नवीन औषध एकही नव्हतं. त्रास वेळेत कळला, वेळेत आवरला आणि त्यामुळे केमो अधिक काळ सोसता आली.

आईंच्या तपासणीला जाल तेव्हा हेच साधायचं आहे. "कसं वाटतंय?" या प्रश्नाला "बरं आहे" असं उत्तर आलं की फायलीत 'तक्रार नाही' असं लिहिलं जातं आणि पुढचा पेशंट आत येतो. म्हणून त्रासाचं नाव सांगू नका, अडलेलं काम सांगा. "थकवा येतो" यापेक्षा "पूर्वी दोन मजले एका दमात चढायची, आता पहिल्या मजल्यावर बसावं लागतं." "मुंग्या येतात" यापेक्षा "रात्री उठल्यावर पाय कुठे पडतोय ते कळत नाही, भिंत धरते." मी स्वतः पेशंटला समोरच वरचं बटण काढून पुन्हा लावायला सांगतो, मग पाय जुळवून डोळे मिटून उभं राहायला सांगतो. अर्ध्या मिनिटात जे कळतं ते दहा प्रश्नांत कळत नाही. एका गृहस्थांनी मला "पाय एकदम ठीक" असं सांगितलं, तेव्हा त्यांच्या बायकोने काही न बोलता खाली बोट दाखवलं. एका पायातली चप्पल दाराशीच गळून पडली होती आणि त्यांना पत्ता नव्हता.

आता एकेका तक्रारीकडे वळतो. मुंग्यांपासून सुरुवात करतो, कारण आठ सायकलींपैकी काही पॅक्लिटॅक्सेलच्या असाव्यात असा माझा अंदाज आहे आणि हा त्या औषधाचा ओळखीचा त्रास आहे. सर्वांत लांब नसांची टोकं आधी दुखावतात, म्हणून सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून होते आणि हातमोजे-पायमोजे घालावेत तेवढ्याच भागात ती पसरते. नसा फार सावकाश भरून येतात. दहा महिन्यांत बऱ्याच जणांना उतार पडलेला असतो, पण वर्ष-दीड वर्षापर्यंत सुधारणा चालू राहू शकते. त्यानंतर जे उरतं ते बहुधा उरतंच. फक्त एका पायाला मुंग्या असतील किंवा त्या वाढत चालल्या असतील तर मात्र केमोवर खापर फोडू नका, दुसरं कारण शोधायला लावा. बी-१२, साखर आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या. नसा जळजळत किंवा दुखत असतील तर ड्युलॉक्सेटिन हे एक औषध आहे, ज्याच्या उपयोगाचा पुरावा २०१३च्या चाचणीतून मिळाला. बधिरपणावर ते फारसं चालत नाही, वेदनेवर चालतं. नसांसाठी म्हणून दुकानात मिळणाऱ्या कॅप्सूलच्या बाबतीत मी कडक आहे. ॲसिटिल-एल-कार्निटिन हे अशाच नावाजलेल्या पूरकांपैकी एक. टॅक्सेन गटाच्या (पॅक्लिटॅक्सेल त्यातलंच) केमोबरोबर ते दिलं तेव्हा त्रास कमी न होता वाढला, असं २०१३ साली दिसलं. घरात रात्रीचा छोटा दिवा, टाच धरून ठेवणारी पादत्राणं, आंघोळीचं पाणी पायाने नव्हे तर कोपराने तपासणं, तोल सांभाळायचे व्यायाम. नसा पूर्ववत होईपर्यंत पडण्यापासून एवढ्यानेच वाचता येतं.

थकवा. हा इतर थकव्यासारखा नसतो. झोप घेतली तरी जात नाही आणि केलेल्या कामाशी त्याचं प्रमाण जुळत नाही. सुट्टीच्या दिवशी काही न करताही तो येतो, मग घरचे म्हणतात "तू तर काहीच केलं नाहीस." आधी सुधारता येण्याजोगी कारणं चाळून काढायची: हिमोग्लोबिन, थायरॉइड, रात्रीची अर्धवट झोप, दुखणं, उदासी. लेट्रोझोलची गोळी कोणत्या वेळी घेतली जाते तेही बघा. काहींना ती सकाळऐवजी रात्री घेतल्यावर बरं वाटतं. हे सगळं होऊनही थकवा उरला, तर आज सर्वांत भक्कम पुरावा व्यायामाचा आहे. सांगायला लाज वाटेल इतकं हे साधं आहे, पण २०१७ साली शंभरावर अभ्यास एकत्र मांडले तेव्हा व्यायाम आणि मानसोपचार हे दोन्ही औषधांपेक्षा सरस ठरले. प्रमाणही ठरलेलं आहे: आठवड्यातून तीनदा अर्धा अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही एवढ्या वेगाने चालणं, आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम, आणि किमान तीन महिने. थकलेल्या माणसाला चालायला सांगणं क्रूर वाटतं, हे मान्य. म्हणून पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांवर थांबा. ज्या दिवशी बरं वाटेल त्या दिवशी सगळी तुंबलेली कामं उरकायची आणि मग तीन दिवस आडवं व्हायचं, हा जो झोका बसतो तो आधी थांबवायचा.

व्यायामाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट जोडतो. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची केमो संपलेल्या ८८९ जणांवरचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना तीन वर्षं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम आणि निम्म्यांना फक्त माहितीपत्रक. आठ वर्षांनी व्यायामवाल्यांतले ९०.३ टक्के हयात होते, दुसऱ्या गटातले ८३.२ टक्के. एवढा फरक एखाद्या औषधाने दाखवला असता तर त्याचा केवढा गाजावाजा झाला असता! हा निकाल स्तनाच्या कॅन्सरला जसाच्या तसा लावता येत नाही, पण आईंना घराबाहेर काढायला एवढं कारण पुरे.

आखडलेली बोटं बहुतकरून लेट्रोझोलची देणगी आहे. या गटातल्या गोळ्यांनी जवळपास निम्म्या बायकांचे सांधे कमी-जास्त धरतात, सकाळी जास्त, हालचाल सुरू झाली की सैल होतात. इथे मला सगळ्यांत जास्त भीती वाटते ती दुखण्याची नाही. दुखतं म्हणून पेशंट गुपचूप गोळी बंद करते आणि तपासणीला "चालू आहे" म्हणते, याची वाटते. त्यापेक्षा सरळ सांगितलेलं बरं. त्याच गटातली दुसरी गोळी बदलून देता येते, आणि गंमत म्हणजे तिचा गट तोच असूनही पुष्कळांना ती सोसते. डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन-तीन आठवडे थांबवून दुखणं खरंच तिचंच आहे का ते बघता येतं. टॅमॉक्सिफेन या वेगळ्या गटातल्या हार्मोनविरोधी गोळीचाही पर्याय असतो. नसांच्या वेदनेसाठी सांगितलेलं ड्युलॉक्सेटिन या सांधेदुखीवरही उपयोगी पडल्याची चाचणी झालेली आहे, तेव्हा दोन्ही त्रास असणाऱ्या बाईसाठी मी त्याचा आधी विचार करतो. मात्र गोळी बदलून टॅमॉक्सिफेनवर गेलात तर ड्युलॉक्सेटिन चालू असल्याचं डॉक्टरांना आठवणीने सांगा. ते मुळात उदासीवरचं औषध आहे, आणि अशी काही औषधं शरीरात टॅमॉक्सिफेनचं काम मंदावतात. आणि लेट्रोझोल चालू असताना हाडांची घनता मोजायचा डेक्सा स्कॅन झाला आहे का, ते फाइलमध्ये पाहा. झाला नसेल तर मागा.

विस्मरणाबद्दल आईंना बहुधा मनात स्मृतिभ्रंशाची धास्ती असेल. तसं नसतं. नाव जिभेवर येऊन अडतं, एका वेळी दोन कामं जमत नाहीत, वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागतं. असं चित्र केमोनंतर नेहमी दिसतं आणि साधारण वर्षभरात बहुतेकांचं सुधारतं. अर्धवट झोप, काळजी आणि हार्मोन एकाएकी उतरणं यांचा त्यात मोठा वाटा असतो, म्हणून झोप सुधारली की अर्धं काम होतं. तोवर वहीत लिहून ठेवायचं आणि एका वेळी एकच काम हातात घ्यायचं. जे विस्मरण वाढतच जातंय, ज्यात ओळखीचा रस्ता चुकतो किंवा रोजचा व्यवहार जमत नाही, ते वेगळं. ते लगेच दाखवा.

तुम्ही न विचारलेल्या दोन गोष्टी. काखेतल्या गाठी काढल्या आहेत, तेव्हा त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, वर्षांनंतरही. अंगठी किंवा बाही घट्ट वाटू लागणं ही तिची पहिली खूण. "त्या हाताने काही उचलू नका" हा जुना सल्ला आता मागे पडला आहे. सूज असलेल्या बायकांनी हळूहळू वाढवत वजनं उचलली तरी सूज वाढली नाही, उलट ती एकाएकी बळावण्याचे प्रसंग कमी झाले, असं २००९ साली दाखवून झालं आहे. दुसरी गोष्ट हृदयाची. आठ सायकलींत बहुधा चार लाल औषधाच्या, म्हणजे डॉक्सोरुबिसिनच्या असतील. त्याचा हृदयावरचा परिणाम एकूण डोसवर ठरतो: शरीराच्या दर चौरस मीटरमागे ४०० मिलिग्रॅमपर्यंत हृदय निकामी होण्याचा धोका ५ टक्क्यांच्या आसपास, ५५० पर्यंत गेलं की २६ टक्के. चार सायकलींचा डोस साधारण २४० भरतो, म्हणजे आई बऱ्याच खाली आहेत. पण पुढे कधी धाप लागली, पाय सुजले, उताणं झोपता येईनासं झालं, तर "वयामुळे असेल" म्हणू नका. इको (हृदयाची सोनोग्राफी) करा आणि रक्तदाब आवाक्यात ठेवा.

आणि ज्याबद्दल आई तुमच्याशी बहुधा बोलणार नाहीत ते. या गोळ्यांनी योनीमार्ग कोरडा पडतो, संबंध दुखतात, लघवीची जळजळ वारंवार होते. डॉक्टर घाईत असतात म्हणून विचारत नाहीत, पेशंट संकोचाने सांगत नाही. दोघं मिळून हा विषय गिळून टाकतात. हार्मोन नसलेली वंगणं आणि ओलावा राखणारी जेल यांनी पुष्कळ फरक पडतो. इस्ट्रोजेन असलेली क्रीम मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आईंना एखाद्या स्त्री डॉक्टरशी किंवा नर्सशी एकटीने बोलायची संधी द्या. तेवढा वेळ तुम्ही बाहेर बसा.

भीतीबद्दल थोडं. आजार परत येईल का, ही धास्ती उपचार चालू असताना दबलेली असते, कारण काहीतरी 'चाललेलं' असतं. ते संपलं की ती वर येते आणि तपासणीच्या आधीच्या आठवड्यात तर झोप उडवते. यावर उपाय म्हणून घरचे लोक जास्त तपासण्या मागतात: दर तीन महिन्यांनी स्कॅन, ट्यूमर मार्कर (रक्तात कॅन्सरच्या खुणा शोधणारी तपासणी). स्तनाच्या कॅन्सरमध्ये याचा फायदा होत नाही हे इटलीतल्या दोन चाचण्यांनी १९९४ सालीच दाखवलं. वारंवार स्कॅन केलेल्या आणि फक्त नियमित तपासणी व मॅमोग्राफी केलेल्या बायकांच्या आयुष्यात फरक पडला नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये गणित वेगळं आहे; तिथे लवकर सापडलेली यकृतातली गाठ काढता येते, म्हणून मार्कर आणि स्कॅनला अर्थ आहे. तेव्हा शेजारच्याला काय सांगितलं यावर जाऊ नका. भीती रोजचे व्यवहार अडवत असेल तर समुपदेशकाकडे जाणं हा उपचाराचाच भाग आहे. आणि तुम्हीही आईंचा चेहरा दिवसातून दहा वेळा तपासत असाल, तर ते त्यांना कळतं.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी, ज्यांचा कॅन्सर वेगळा आहे. तोंड-घशाला रेडिएशन झालं असेल तर दर सहा ते बारा महिन्यांनी थायरॉइड तपासा, तोंड उघडायचे व्यायाम सोडू नका, आणि दात काढायची वेळ आली तर दंतवैद्याला रेडिएशनबद्दल आधी सांगा. त्या भागातलं हाड वर्षांनंतरही भरून येत नाही. लहानपणी किंवा तरुणपणी हॉजकिन लिम्फोमासाठी छातीला रेडिएशन घेतलेल्या मुलींना स्तनाची तपासणी रेडिएशननंतर ८ वर्षांनी किंवा पंचविशीत, जे नंतर येईल तेव्हापासून, दरवर्षी करावी लागते. चाळिशीची वाट पाहायची नाही. गुदाशयाच्या ऑपरेशननंतर दिवसातून दहादा शौचाला जावं लागणं, थांबवता न येणं, यावरही उपाय आहेत, ओटीपोटाच्या स्नायूंच्या व्यायामापासून ते आतडं धुण्यापर्यंत. घरात कोंडून बसू नका.

उपचार संपल्यानंतरचा हा काळ स्वतंत्रपणे सांभाळावा लागतो हे पहिल्यांदा ठामपणे मांडलं ते फिट्झह्यू मुलन यांनी, १९८५ साली. ते स्वतः डॉक्टर आणि स्वतः कॅन्सरमधून उठलेले. २००५ साली अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सुचवलं की उपचार संपताना प्रत्येक पेशंटच्या हातात एक लेखी सारांश द्यावा. अजूनही तो सगळीकडे आपोआप मिळत नाही, मागावा लागतो. तुम्ही मागा. त्यात असायला हवं: गाठीचा प्रकार आणि टप्पा, प्रत्येक औषधाचं नाव आणि एकूण डोस, रेडिएशन नेमकं कुठे आणि किती, ऑपरेशनमध्ये काय काढलं, आणि पुढे कोणती तपासणी किती दिवसांनी. पंधरा वर्षांनी धाप लागून आई एखाद्या अनोळखी हृदयतज्ज्ञाकडे गेल्या, तर रेडिएशन छातीच्या कोणत्या बाजूला झालं आणि लाल औषधाचा डोस किती होता, हे त्याला दुसरीकडून कळणार नाही.

पुढच्या तारखेपर्यंत थांबू नये अशा काही गोष्टी आहेत: एकाच जागी हाड दुखणं जे दोन आठवड्यांत कमी न होता वाढतंय, विशेषतः रात्री, नवीन गाठ, छातीच्या कातडीवर पुरळ, न थांबणारा खोकला किंवा धाप, उलटीसह डोकेदुखी, डोळे पिवळे होणं, पायांतली ताकद एकाएकी जाणं किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटणं. शेवटचं असेल तर त्याच दिवशी इस्पितळात जा, तासांना महत्त्व असतं. मुंग्या, थकवा, विस्मरण आणि बोटं यांचं ठरलेल्या तारखेला सांगितलं तरी चालेल, पण कागदावर लिहून न्या, आणि तो कागद आईंच्या नव्हे तर तुमच्या हातात असू द्या.